वीस हजारांच्या फ्यूजने भीमसेन जास्त सुरात गातात का?

घरी चांगल्या सिस्टिमवर गाणं ऐकायचा नाद ज्यांना लागलाय त्यांच्या गप्पा एका ठरलेल्या वाटेनेच जातात. आधी स्पीकर, मग ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर, मग डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा, मग केबल, आणि केबलही झाल्या की एक दिवस कुणीतरी हळूच विषय काढतो, अरे तू फ्यूज बदललास की नाही अजून? म्हणजे ॲम्पच्या मागे पॉवर कॉर्ड घुसते त्या सॉकेटखालच्या चिमुकल्या ड्रॉवरमधला तो काचेचा फ्यूज, जो पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला पाच-दहा रुपयांना मिळतो. त्याच्या जागी परदेशातून मागवलेला खास 'ऑडिओफाइल' फ्यूज टाकायचा, किंमत दीडशे-दोनशे डॉलर, कस्टम आणि कुरिअर धरून वीस हजारांच्या घरात, आणि हौस आणखी वर गेली तर हजारो डॉलरचेही आहेत. तो टाकला की म्हणे बास घट्ट होतो, साउंडस्टेज, म्हणजे समोर पसरलेला वाटणारा आवाजाचा मंच, रुंद होतो, तानपुऱ्याची जवारी उलगडून ऐकू येते आणि बॅकग्राउंड, म्हणजे गाण्यामागची शांतता, काळीकुट्ट होते.

आता माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या वाटेतल्या, फ्यूजने आवाज बदलत नाही. पण माझी मुख्य तक्रार ती नाहीच, कारण न बदलणाऱ्या आवाजासाठी पैसे घालवायची हौस कुणालाही असू शकते आणि हौसेला मोल नाही. तक्रार अशी की फ्यूज हा घर जळू नये म्हणून बसवलेला पार्ट आहे, आणि तो दागिन्यासारखा विकला जातोय, आणि विकणाऱ्याला त्याच्या सेफ्टीचे कागद विचारले की तो साउंडस्टेजबद्दल बोलायला लागतो.

एकदा तो साधा फ्यूज हातात घेऊन बघा, वीस मिलिमीटर लांब, पाच मिलिमीटर जाड, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या आणि मधे केसासारखी तार. टोपीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, चष्मा असला तरी मोबाइलच्या टॉर्चशिवाय दिसत नाहीत. समजा लिहिलंय टी २ ए एल २५० व्ही. टी म्हणजे दमाने उडणारा, २ ए म्हणजे दोन अँपिअर, एल म्हणजे मोठा शॉर्ट तोडायची ताकद कमी, आणि २५० व्ही म्हणजे किती व्होल्टपर्यंत भरवसा ठेवायचा. यातलं टी हे अक्षर ॲम्पवाल्यांसाठी फार महत्त्वाचं, कारण मोठा टोरॉइड, म्हणजे कड्यासारखा गोल, ट्रान्सफॉर्मर स्विच ऑन केल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो, एक-दोन क्षणच, पण तेवढ्यात झटपट उडणारा एफ जातीचा फ्यूज बसवला असेल तर तो गेलाच समजा. म्हणून कंपनीचा इंजिनिअर बसून हिशोब करतो की सुरू होतानाचा झटका सोसला पाहिजे पण आत काही बिघडलं तर वेळेत उडलंही पाहिजे, आणि त्या हिशोबातून ही चार-पाच अक्षरं येतात. त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयईसी ६०१२७. त्यात टी फ्यूजला दीडपट करंटला किमान तासभर टिकावं लागतं आणि २.१ पटीला दोन मिनिटांच्या आत उडावं लागतं. ही सगळी परीक्षा पास झालेली वस्तू दहा रुपयांत मिळते, म्हणून आपल्याला तिची किंमत वाटत नाही, दुसरं काय.

बरं आता आवाजाचं. वीज येते कुठून ते आठवा. कोपऱ्यावरच्या डीपीमधून, तिथे ११ केव्हीचे ४३३ व्होल्ट होतात, तिथून जाडजूड केबल सोसायटीच्या मीटर रूममध्ये, मग मीटर, मेन स्विच, एमसीबी, मग भिंतीतली वीस-तीस मीटर तार, जी बिल्डरच्या कंत्राटदाराने सगळ्यात स्वस्त मिळाली ती ओढलेली असते, मग सॉकेट, मग पॉवर कॉर्ड, मग हा वीस मिलिमीटरचा फ्यूज, आणि त्याच्या लगेच पुढे ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे कितीतरी मीटर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. त्या गुंडाळीचा रेझिस्टन्स दोन-चार ओहम सहज असतो. फ्यूजचा किती, तर ओहमचा शंभरावा ते दहावा भाग. समजा ॲम्प एक अँपिअर घेतोय आणि फ्यूज ०.०५ ओहमचा आहे, तर फ्यूजवर ०.०५ व्होल्ट पडले, २३० मधून. आपल्याकडे संध्याकाळी शेजारच्या बिल्डिंगची लिफ्ट आणि वरच्या मजल्यावरचे एसी सुरू झाले की व्होल्टेज दहा-पंधराने इकडेतिकडे होतं, आणि तेव्हा कुणी म्हणत नाही की अरे भीमसेनांचा षड्ज जरा बसल्यासारखा वाटतोय.

आणि पुढे ऐका, ही मेन्सची वीज स्पीकरपर्यंत जातच नाही. ट्रान्सफॉर्मरनंतर डायोड, मग मोठे फिल्टर कपॅसिटर, तिथे डीसी होते आणि साठते, ॲम्प त्या साठ्यातून हवं तेवढं उचलतो. आवाज किती मोठा निघणार हे फीडबॅकने, म्हणजे आउटपुट सतत इनपुटशी ताडून बघणाऱ्या सर्किटने, ठरतं, सप्लायचं व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तर फक्त जास्तीत जास्त पॉवरची मर्यादा जरा हलते, आणि ती मर्यादा आपण घरी ऐकताना वर्षातून किती वेळा गाठतो? शेजारी पोलीस बोलावतील.

दिशेचा प्रकार तर मला अजून झेपत नाही. काही महागड्या फ्यूजवर बाण असतो किंवा अक्षरं कुठल्या बाजूने वाचायची ते सांगितलेलं असतं, आधी एका बाजूने लावा, ऐका, मग उलटा करा, ऐका, जो गोड लागेल तो ठेवा. अहो एसी आहे ती! सेकंदाला पन्नास वेळा जाऊन पन्नास वेळा परत येते, तिला कुठला बाण दाखवताय?

धातूंबद्दलही असंच. टोपीवर ऱ्होडियमचा मुलामा आहे म्हणून हजारो रुपये जास्त, पण वीज वाहून नेण्यात ऱ्होडियम चांदी-तांब्यापेक्षा कमी आहे, त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दुप्पटीहून जास्त. मुलामा पातळ असतो त्यामुळे नुकसानही काही होत नाही, पण 'वीज जास्त शुद्ध वाहते' हे कशाच्या जोरावर म्हणायचं? चांदीची तार ऐकायला राजेशाही वाटते, पण कारखान्यांत जे एचआरसी, म्हणजे मोठा शॉर्ट तोडणारे, फ्यूज असतात त्यांच्यातही चांदीची पट्टी वापरतात, मोटर आणि पंपांच्या पॅनेलमध्ये, तिथे कुणी कान लावून बसत नाही. मग कुणी फ्यूज द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला बुडवून काढतो, कुणी लाखो व्होल्टचे झटके देऊन आणतो. या सगळ्याला एकच साधं उत्तर आहे. फ्यूज म्हणजे ठरावीक करंटला तापून वितळणारी तार. ती तापायची तर तिच्यात रेझिस्टन्स हवाच, मग ती चांदीची असो की तांब्याची की अजून कशाची. रेझिस्टन्सच नसलेला 'परफेक्ट' फ्यूज कुणी बनवलाच तर तो उडणारच नाही, आणि न उडणाऱ्या फ्यूजला आपल्याकडे तारेचा तुकडा म्हणतात.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे, नाहीतर समोरचा म्हणेल तुम्हाला सोयीचं तेवढंच सांगता. फ्यूज आवाजाच्या थेट वाटेत असेल तर तो फरक पाडू शकतो, आणि तो फरक मोजता येतो. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच पॉवर ॲम्पमध्ये स्पीकरच्या लाइनमध्ये फ्यूज असायचा, म्हणजे ॲम्पचं आउटपुट फ्यूजमधून मग स्पीकरला. मॅग्नेपॅनच्या पॅनेल स्पीकरमध्ये ट्वीटरसाठी फ्यूज असतो. इथे काय होतं की खर्जातला मोठा करंट जाताना तार तापते, रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी झाला की थंड होते, रेझिस्टन्स उतरतो, म्हणजे गाण्याबरोबर फ्यूजचा रेझिस्टन्सही हलतो, आणि आठ ओहमच्या स्पीकरसमोर ते हलणं अगदीच शून्य नाही, त्यातून खालच्या फ्रिक्वेन्सीला डिस्टॉर्शन तयार होतं. डग्लस सेल्फ, बॉब कॉर्डेल यांच्यासारख्या ॲम्प डिझाइन करणाऱ्यांनी यावर तपशिलात लिहिलंय. पण त्यावरचा उपाय काय, तर फ्यूज सप्लायच्या लाइनमध्ये हलवा किंवा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लावून स्पीकर वाचवा. कुठल्याही डिझायनरने वीस हजारांचा फ्यूज घ्या असं म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. आणि गंमत बघा, जिथे खरंच फरक पडतो ती जागा सोडून विकणाऱ्यांचा सगळा जोर मेन्सच्या फ्यूजवर, कारण मेन्सचा फ्यूज प्रत्येकाकडे असतो.

मग एवढी चांगली शिकलेली माणसं, डॉक्टर, सीए, सॉफ्टवेअरवाले, फरक ऐकू येतो म्हणतात ते काय खोटं बोलतात का? नाही हो. त्यांना ऐकू येतं. प्रश्न एवढाच की ऐकू येतं ते फ्यूजमधून येतं की दुसरीकडून.

काही वेळा अगदी भौतिक कारण असतं. दहा वर्षं जुन्या ॲम्पमधला फ्यूज काढला, होल्डरच्या क्लिपवर काळा थर होता, काढता-घालताना तो घासला गेला, कॉन्टॅक्ट स्वच्छ झाला. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे हमखास. ढिला कॉन्टॅक्ट कुरकुरत असेल तर ती कुरकुर जाईलही, पण तोच जुना फ्यूज काढून परत लावला असता तरी गेली असती. शिवाय फ्यूज बदलताना ॲम्प बंद केला, अर्धा तास गेला, चहा झाला, परत चालू केला, जरा जास्त आवाजावर ठेवला, आणि तीच रेकॉर्ड आता दुसऱ्यांदा ऐकतोय म्हणून पहिल्यांदा निसटलेली हरकत आता सापडली. आपला कान बारीक फरक काही सेकंदांपलीकडे धरून ठेवू शकत नाही, त्यानंतर आठवतं ते आपण त्या आवाजाबद्दल काय म्हटलं होतं ते.

आणि उरलेलं सगळं अपेक्षा करते. यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही, हे तज्ज्ञांनाही होतं. आवाजावर संशोधन करणाऱ्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली हरमन कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांना स्पीकर ऐकवून मार्क द्यायला लावले, एकदा स्पीकर समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसताना मोठ्या, देखण्या स्पीकरना भरभरून मार्क आणि छोट्या स्वस्त सिस्टिमला कमी. पडदा ओढल्यावर ती दरी आटली. आणि याहून मजेशीर म्हणजे स्पीकरची जागा हलवल्याने आवाजात पडणारा खरा फरक पडद्याआड ऐकताना लोकांना नीट कळत होता, तोच समोर स्पीकर दिसायला लागल्यावर त्यांच्या मार्कांतून जवळजवळ गायब झाला. म्हणजे डोळे नुसता खोटा फरक घुसडत नाहीत, खरा फरक पुसूनही टाकतात. आणि ही सगळी ऑडिओ कंपनीत काम करणारी माणसं होती, रस्त्यावरून धरून आणलेली नव्हती.

२००७ मध्ये मायर आणि मोरान यांनी बोस्टनच्या हौशी मंडळींना घेऊन वर्षभर प्रयोग केला, हाय रेझोल्यूशन रेकॉर्डिंग थेट ऐकवायचं आणि तेच सीडीच्या क्वालिटीला उतरवून ऐकवायचं, ओळखा कुठलं कुठलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेच. त्याच वर्षी अचाट दाव्यांची पोल खोलणारा जादूगार जेम्स रँडी याने ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबल साध्या केबलपासून ऐकून ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते, खूप वादावादी झाली, खूप पत्रापत्री झाली, आणि ती चाचणी शेवटी झालीच नाही.

मेन्सच्या फ्यूजची परीक्षा घरी करायला पैसेही लागत नाहीत. भावाला किंवा बायकोला सांगायचं की तू नाणं उडव, छापा आला तर महागडा, काटा आला तर साधा, तू लाव, मी बाहेर गॅलरीत थांबतो. प्रत्येक वेळी ॲम्प तेवढाच वेळ बंद, व्हॉल्यूमला हात नाही, आणि आत आल्यावर मी कागदावर लिहितो कुठला वाटतोय. फ्यूज न बदलता नुसतं काढल्यासारखं करायचीही त्यांना मुभा. दहा वेळा. नुसत्या अंदाजाने दहापैकी दहा बरोबर यायची शक्यता १०२४ मध्ये एक, नऊ किंवा दहा यायची साधारण शंभरात एक. नऊ आले तर मी स्वतः तुमच्या घरी येऊन ऐकेन आणि पेढे घेऊन येईन. पण सहा आले आणि तुम्ही म्हणालात की सहा म्हणजे निम्म्याहून जास्त, तर मग काय बोलणार. ही परीक्षा करा म्हटलं की जे उत्तर मिळतं ते सगळ्यात गमतीचं. म्हणे परीक्षेच्या ताणाने कान बधिर होतात. बरं. मग काल पाहुण्यांसमोर, बिल समोर असताना, वीस हजार घालवल्याचा ताण मनावर असताना कान कसे काय तल्लख होते?

दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे विज्ञानाला सगळं कुठे कळतं. नाही कळत, मान्य. पण दावा काही गूढ नाहीये, दावा असा आहे की बास वाढला, स्टेज दोन फूट रुंद झाला, आणि हे सगळं जिथून येणार ती वस्तू म्हणजे स्पीकरच्या दोन टर्मिनलवरचं व्होल्टेज, तिथे तिसरी कुठली वाट नाही. ते व्होल्टेज आज अशा यंत्रांनी मोजतात की सिग्नलच्या दहा लाखाव्या भागाएवढी घाण असली तरी दिसते. एक फ्यूज लावून रेकॉर्ड करा, दुसरा लावून तेच रेकॉर्ड करा, एकातून दुसरं वजा करा, उरेल ते ऐका. फरक असेल तर तो उरलाच पाहिजे. आणि दुसरा साधा विचार करा, कुमारांची, किशोरीताईंची जी रेकॉर्ड तुम्ही लावताय ती झाली तेव्हा माइकच्या सप्लायपासून टेप मशीनपर्यंत, मिक्सरपासून तबकडी कापणाऱ्या लेथपर्यंत प्रत्येक डब्यात साधेच फ्यूज होते. जवारीचा जो काही तपशील तुम्हाला हवाय तो या साध्या फ्यूजांच्या रांगेतून गेला तेव्हा हरवला नसेल तर तुमच्या घरातल्या शेवटच्या एका फ्यूजपाशी येऊन कसा अडतो? आणि तिथेच हरवला असेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

मला खरा राग कशाचा येतो सांगू, तर या सगळ्यात खरी दुखणी तशीच राहतात. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. आपले हॉल कसे असतात बघा, दहा बाय चौदा, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला काचेची सरकती खिडकी, दुसऱ्या बाजूला टीव्ही युनिट, आणि स्पीकर दोन्ही कोपऱ्यांत ढकललेले कारण घरच्यांना येण्याजाण्याची वाट हवी. चौदा फूट लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतीभिंतींत अडकून घुमतो, दहा फुटाच्या बाजूने ५६ च्या आसपास. म्हणून डग्ग्याचा घुमारा एका सोफ्यावर छाती दाबतो आणि शेजारच्या खुर्चीवर गायब होतो, हा फरक दहा-पंधरा डेसिबलचाही असू शकतो, आणि आपण तो सोडून फ्यूज बदलतोय ज्याचा हिशोब डेसिबलच्या हजाराव्या भागात होतो आणि तोही स्पीकरपर्यंत पोचत नाही. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, बसायची जागा मागच्या भिंतीपासून सोडवा, टाइलवर जाड सतरंजी टाका, पुस्तकांचं कपाट बाजूच्या भिंतीला आणा. एवढ्याने जो बदल होतो तो ऐकायला कुणाला गॅलरीत उभं करावं लागत नाही, स्वयंपाकघरातून आवाज येतो की आज गाणं जरा बरं लागतंय. आणि पैसे खर्च करायचेच असतील तर फ्यूजच्या पैशात मोजायचा माइक येतो, रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, खोलीचा एक्स-रे काढल्यासारखा ग्राफ समोर येतो, बघा मग तुमचा बास कुठे अडकलाय.

विजेचंच काही करायचं म्हणाल तर तेही आहे, फक्त त्याला ग्लॅमर नाही. कितीतरी फ्लॅटमध्ये तीन पिनच्या सॉकेटमधल्या वरच्या भोकामागे अर्थिंगची तार नुसती शोभेला असते. ॲम्पच्या पत्र्याला बोट लावलं की झिणझिण्या येतात, सेट टॉप बॉक्स जोडला की स्पीकरमधून भुंगा गुणगुणतो. हा ५० हर्ट्झचा हम खरा असतो, सगळ्यांना ऐकू येतो, आणि तो कुठल्याही फ्यूजने जात नाही, चांगला वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेतलं आणि सगळी उपकरणं एकाच बोर्डवरून चालवली की बहुतेक वेळा जातो. त्याच वेळी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, नसेल तर तोही बसवून घ्या. याचा साउंडस्टेजशी संबंध नाही, घरातल्या लहान पोरांशी आहे.

'माझे पैसे, मी काहीही करीन' यावर मी वाद घालत नाही. कुणी चाळीस हजारांचं पेन घेतं, कुणी घड्याळ, वेळ तीच दाखवतं, आनंद मिळतो ना, मग झालं. एका ओळखीच्या माणसाने तीस हजारांच्या ॲम्पला वीस हजारांचा फ्यूज लावला, नाकापेक्षा मोती जड, पण मोती त्याचा आणि नाकही त्याचंच. पण पेन चुकीचं निघालं तर आग लागत नाही. इथे माझ्या मूळ तक्रारीवर येतो.

हे फ्यूज विकताना काही जण सल्ला देतात की मूळ रेटिंगपेक्षा एक साइज वरचा घ्या, आवाज मोकळा होतो, शिवाय हे फ्यूज नाजूक असतात, उगाच उडतात. आता हिशोब करा. मूळ फ्यूज दोन अँपिअरचा. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी आत कुठेतरी अर्धवट शॉर्ट झाली आणि पाच अँपिअर खेचायला लागली, म्हणजे बंद पेटीत साडेअकराशे वॅटपर्यंतची उष्णता, कपड्यांची एक इस्त्रीच म्हणा. दोन अँपिअरच्या टी फ्यूजला हे २.१ पटीच्या वर आहे, दोन मिनिटांच्या आत त्याला उडावंच लागेल, तसं स्टँडर्डमध्ये लिहिलंय. आता त्याच्या जागी एक साइज वरचा, अडीच अँपिअरचा लावला, तर पाच म्हणजे फक्त दुप्पट, दोन मिनिटांची हमी गेली, तो कदाचित लवकर उडेल, कदाचित बराच वेळ टिकेल, आणि तेवढ्या वेळात आतला वार्निश, प्लास्टिक, पडदा, जे काही जवळ असेल ते. आणि पाच अँपिअरला तुमचा सोळा अँपिअरचा एमसीबी हलणारसुद्धा नाही, त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललंय. एमसीबी भिंतीतली वायर वाचवायला असतो, ॲम्प वाचवायला तो दहा रुपयांचा फ्यूजच.

किटकॅट फ्यूजचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना हे नवीन नाही. चिनी मातीचा तो खटका काढायचा, फ्यूज वायर संपलेली असायची, मग कुणीतरी हुशार माणूस जुन्या केबलमधली तांब्याची जाड तार दुहेरी पीळ देऊन बांधायचा आणि म्हणायचा आता बघू कसा उडतो ते. नाही उडायचा. बोर्ड जळायचा. वीस हजारवाला एक साइज वरचा फ्यूज लावतो तेव्हा तो तेच करतोय, फक्त डबी मखमलीची आहे.

म्हणून मला वाटतं की आवाजाचा वाद ज्याला घालायचा त्याने घालत बसावा, पण मेन्सच्या वाटेत बसणारा कुठलाही फ्यूज विकणाऱ्याने तीन गोष्टी पाकिटावर छापल्याशिवाय तो विकू नये. कुठल्या स्टँडर्डप्रमाणे तपासलाय, आयईसी ६०१२७ की अमेरिकेचं यूएल २४८-१४, कारण या दोघांत रेटिंगचा अर्थच वेगळा आहे, आणि कुठल्या लॅबने तपासलाय. दुसरं म्हणजे किती करंटला किती वेळात उडतो त्याचा आलेख. आणि तिसरं, किती मोठा शॉर्ट न फुटता तोडू शकतो तो आकडा. साध्या फ्यूजच्या चांगल्या कंपन्या ही सगळी माहिती फुकट देतात, पीडीएफ डाउनलोड करा नि वाचा. दोन हजारपट किंमत घेणाऱ्याला तेवढं जमू नये? आणि यातला एखादा विक्रेता 'आवाज चाळीस टक्के सुधारतो' असं लिहीत असेल तर ते चाळीस कशाचे, कुणी मोजले, हे विचारायचा अधिकार आपल्याला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुढे पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, जाहिरातींसाठी मुंबईत एएससीआय ही जाहिरात उद्योगाची स्वनियमन संस्था आहे, तिथे कुणीही सामान्य माणूस तक्रार करू शकतो. अडचण अशी की हुशार विक्रेता आकडा लिहीतच नाही, तो म्हणतो 'ऐकून बघा, नाही आवडला तर तीस दिवसांत परत', आणि ज्याने मित्रांना सांगून झालंय तो परत कसला करतो. म्हणून आवाजाच्या दाव्यामागे लागण्यापेक्षा सेफ्टीच्या कागदांमागे लागणं सोपं आहे, तिथे 'तुमचे कान अजून तयार नाहीत' हे उत्तर चालत नाही.

एवढं वाचूनही ज्याला फ्यूज बदलायचाच आहे, किंवा खरंच उडालाय म्हणून बदलावा लागतोय, त्याने पॉवर कॉर्ड भिंतीतून ओढून काढावी, नुसता स्विच बंद करून भागत नाही कारण आपल्याकडे फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले बोर्ड कमी नाहीत. फ्यूज आतल्या पीसीबीवर असेल तर कपॅसिटर उतरेपर्यंत थांबा, मोठ्या ॲम्पमध्ये ते बंद केल्यावरही बराच वेळ चाळीस-पन्नास व्होल्ट धरून बसतात. मागे छापलेलं रेटिंग अक्षरन् अक्षर जुळवा, टी ला टी, दोनला दोन, एच (म्हणजे शॉर्ट तोडायची ताकद जास्त) असेल तर एच, आणि गाडीचे ३२ व्होल्टचे काचेचे फ्यूज दिसायला सारखे असले तरी ते नाही लावायचे. नवीन फ्यूज लगेच उडाला तर तिसरा लावून बघू नका, आत काहीतरी झालंय, मेकॅनिककडे न्या. दुकानात गेलात तर एकच नका आणू, पाच घ्या, आणि उरलेले चार ॲम्पच्या बिलाबरोबर पाकिटात ठेवून द्या.